सर्व्हर बंद करायचं काम घड्याळाला द्या, चालू करायचं शक्यतो स्वतःकडे ठेवा

ज्यांना भाग ऐकायला वेळ मिळाला नाही, किंवा ज्यांनी लोकलच्या गर्दीत अर्धवट ऐकला, त्यांच्यासाठी हे लिखित रूप. बोलताना आलेले 'अं', 'म्हणजे', 'तर' थोडे गाळलेत, बाकी मजकूर तोच.

आजचा विषय आहे क्लाउडवरचे सर्व्हर आपोआप बंद आणि चालू करणं. कॉलेजचा प्रोजेक्ट क्लाउडवर टाकलेला विद्यार्थी असो, पाच जणांचं स्टार्टअप असो, की मोठ्या टीममध्ये नुकताच लागलेला इंजिनिअर, बिल सगळ्यांनाच येतं. कोड मी ऑडिओत वाचून दाखवला नाही आणि इथेही देत नाही. तो पंधरा-वीस ओळींचा असतो आणि शोधलात की मिळतो. त्या पंधरा ओळींच्या आजूबाजूला जे खड्डे आहेत, ते मात्र एका ठिकाणी लिहिलेले सहसा सापडत नाहीत. आज ते खड्डे बघू.

उदाहरणं मुख्यतः ॲमेझॉनच्या एडब्ल्यूएसची घेतोय, कारण माझं रोजचं काम त्यावर चालतं. गूगल आणि ॲझ्युअरमध्ये जिथे गोष्ट वेगळी आहे, तिथे तसं सांगतो.

आधी हिशोब

आठवड्यात तास किती? २४ गुणिले ७, म्हणजे १६८. आता तुमचा टेस्टिंगचा सर्व्हर घ्या. टीम सकाळी ९ ते रात्री ९ काम करते असं धरू, सोमवार ते शुक्रवार. झाले ६० तास. उरलेले १०८ तास तो सर्व्हर कुणाच्याही उपयोगाचा नाही, पण मीटर चालू आहे. म्हणजे जवळजवळ ६४ टक्के वेळ आपण रिकाम्या खोलीत पंखा फिरवतोय.

ईसीटूवर लिनक्स मशीनचं बिल २०१७ पासून सेकंदावर येतं, दर वेळी चालू केल्यावर किमान ६० सेकंदांचं. त्याआधी पूर्ण तासाचे पैसे लागायचे, त्यामुळे सारखं बंद-चालू करण्यात फारसा अर्थ नव्हता. आता आहे.

आकडे घालून बघू. टी३ लार्ज नावाचं मशीन, अमेरिकेतल्या उत्तर व्हर्जिनिया रीजनमध्ये, तासाला ०.०८३२ डॉलर. महिन्याचे साधारण ७३० तास धरले तर ६०.७४ डॉलर. आठवड्याला ६० तासच चालवलं तर महिन्याला सुमारे २१.७० डॉलर. मुंबई रीजनचे दर थोडे वेगळे आहेत, पण प्रमाण तेच राहतं.

पण थांबा. "६४ टक्के बचत" असं जो सांगतो, तो डिस्क विसरलेला असतो. त्या मशीनला १०० जीबीची जीपी३ डिस्क जोडलेली असेल, तर तिचे महिन्याला ८ डॉलर मशीन बंद असतानाही लागतात. डेटा तिथेच आहे ना, जागा अडवून! कायमचा आयपी, म्हणजे इलॅस्टिक आयपी घेतला असेल, तर त्याचे तासाला ०.००५ डॉलर, महिन्याला ३.६५. फेब्रुवारी २०२४ पासून एडब्ल्यूएस प्रत्येक पब्लिक आयपीव्ही४ पत्त्याचे पैसे घेतं, आणि इलॅस्टिक आयपी तर मशीन बंद असलं तरी चालूच. सगळं मिळवलं तर आधीचं बिल ७२.३९ डॉलर, नंतरचं ३३.३४. बचत ५४ टक्के. तरीही उत्तमच आहे. फक्त मॅनेजरला आकडा सांगताना ५४ सांगा. नंतर बिल आल्यावर "उरलेले दहा टक्के कुठे गेले" हे समजावत बसावं लागणार नाही.

आणखी एक. तुमच्या कंपनीने रिझर्व्ह्ड इन्स्टन्स किंवा सेव्हिंग्ज प्लॅन घेतला असेल, तर त्या करारातल्या मशीनचे पैसे वापरा किंवा नका वापरू, लागतातच. ती बंद ठेवून काही वाचत नाही. त्यामुळे आधी बिलिंग बघणाऱ्या माणसाला विचारा, मग उत्साहाने कामाला लागा.

'बंद' म्हणजे नक्की काय?

इथे तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि नावं सारखी वाटतात.

पहिली, स्टॉप. मशीन थांबतं, डिस्क तशीच राहते, परत चालू करता येतं. आपल्याला हेच हवंय. दुसरी, टर्मिनेट. मशीन कायमचं जातं, आणि डीफॉल्ट सेटिंगमध्ये त्याची मूळ डिस्कही जाते. ऑटोमेशनच्या स्क्रिप्टला टर्मिनेटची परवानगी देऊच नका. तिला त्याची गरज नाही. तिसरी, हायबरनेट. यात रॅममधला मजकूर डिस्कवर लिहून मग मशीन थांबतं, लॅपटॉपचं झाकण लावल्यासारखं. त्यासाठी मशीन बनवतानाच ती सोय चालू करावी लागते, म्हणून आज बाजूला ठेवू.

स्टॉप केल्यावर दोन गोष्टी हरवू शकतात. काही मशीन प्रकारांना यंत्रातच बसवलेली वेगवान डिस्क मिळते, तिला इन्स्टन्स स्टोअर म्हणतात. स्टॉप केलं की तिच्यावरचा डेटा गेला. रीबूटमध्ये तो टिकतो, त्यामुळे "मी तर रीस्टार्ट करून पाहिलं होतं, डेटा होता" असं म्हणणारा माणूस फसतो. दुसरी गोष्ट पत्ता. इलॅस्टिक आयपी नसेल तर पुन्हा चालू झाल्यावर पब्लिक आयपी बदलतो. मोबाइल ॲपमध्ये कुणी तो आयपी थेट लिहून ठेवला असेल, तर सोमवारी सकाळी ॲप मुकं. यावर उपाय म्हणजे डोमेन नाव वापरणं, आणि शक्य असेल तिथे मशीनमशीनमध्ये आतला प्रायव्हेट आयपी वापरणं. तो स्टॉपनंतरही बदलत नाही.

ॲझ्युअर वापरणाऱ्यांनो, तुमच्यासाठी खास सूचना. व्हर्च्युअल मशीनच्या आत जाऊन शटडाउन कमांड दिली तर मशीन 'स्टॉप्ड' दिसतं, पण बिल चालू राहतं! कारण ते हार्डवेअर अजून तुमच्या नावावर राखलेलं असतं. पोर्टलवरून बंद केलं किंवा एपीआयमधून डीॲलोकेट केलं की स्थिती 'डीॲलोकेटेड' होते, आणि मीटर तेव्हाच थांबतं. ईसीटूमध्ये आतून शटडाउन केलं तरी डीफॉल्ट सेटिंगमध्ये मशीन नीट स्टॉप होतं. दोन्ही क्लाउडवर काम करणाऱ्यांचा इथे हमखास गोंधळ होतो.

कुणाला झोपवायचं?

सर्व्हरची यादी स्क्रिप्टमध्ये लिहू नका. आज आठ मशीन आहेत, पुढच्या महिन्यात अकरा होतील, आणि यादी कुणीही सुधारणार नाही. त्याऐवजी टॅग वापरा. प्रत्येक मशीनला 'शेड्यूल' नावाचा टॅग द्या आणि त्याची किंमत 'ऑफिस-वेळ' ठेवा. स्क्रिप्टने फक्त इतकंच विचारायचं: हा टॅग असलेली आणि आत्ता चालू असलेली मशीन कोणती? मिळाली की ती बंद करायची.

टॅग नसलेल्या मशीनला हात लावायचा नाही, हा पहिला नियम. प्रॉडक्शनच्या मशीनवर चुकून टॅग लागू नये म्हणून दुसरा अडसर परवानगीत बसवा. एडब्ल्यूएसच्या आयएएम पॉलिसीमध्ये अट घालता येते, की ही स्क्रिप्ट ठरावीक टॅग असलेल्याच मशीनला स्टार्ट आणि स्टॉप करू शकेल. त्याहून चांगलं म्हणजे प्रॉडक्शन वेगळ्या अकाउंटमध्ये असावं. मग ही स्क्रिप्ट तिथवर पोचतच नाही.

इथे बऱ्याच जणांना अडवणारा एक खड्डा आहे. डिस्क तुमच्या स्वतःच्या केएमएस किल्लीने एन्क्रिप्ट केलेली असेल, तर मशीन चालू करणाऱ्या रोलला त्या किल्लीवर ग्रँट तयार करायची परवानगीही लागते. ती नसेल तर काय होतं? स्टार्टची कमांड यशस्वी झाली असं दिसतं. मशीन 'पेंडिंग' होतं. आणि थोड्या वेळात गुपचूप परत 'स्टॉप्ड'. स्क्रिप्टच्या लॉगमध्ये एकही एरर नाही! तेव्हा सकाळी मशीन उठत नसेल, तर आधी किल्ली तपासा.

घड्याळ लावताना

एडब्ल्यूएसमध्ये आज सरळ मार्ग म्हणजे इव्हेंटब्रिज शेड्यूलर. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये तो आला. मशीन एक-दोनच असतील तर लॅम्बडाही लागत नाही. शेड्यूलर थेट ईसीटूच्या स्टॉप एपीआयला हाक मारतो, तुम्ही फक्त मशीनचा आयडी द्यायचा. टॅगवरून शोधायचं असेल तर मध्ये छोटं लॅम्बडा फंक्शन लागतं. त्याचा डीफॉल्ट टाइमआउट ३ सेकंदांचा असतो, तो एक मिनिट करा. खर्चाची चिंता नको. महिन्याला १ कोटी ४० लाख वेळा हाक मारेपर्यंत शेड्यूलर फुकट आहे, आणि आपण मारणार दिवसातून दोनदा.

आता वेळ. इव्हेंटब्रिजचे जुने नियम फक्त यूटीसी वेळ समजतात. भारताची वेळ त्यापेक्षा साडेपाच तास पुढे. कुणी जुन्या पद्धतीत 'रात्री ८' लिहिलं, तर मशीन आपल्याकडे मध्यरात्रीनंतर दीडला बंद होतं. 'सकाळी ९' लिहिलं तर दुपारी अडीचला चालू होतं, जेवण होऊन डुलकी यायच्या वेळी. नव्या शेड्यूलरमध्ये टाइमझोन निवडता येतो, 'एशिया/कोलकाता' निवडा आणि मोकळे व्हा. जुनंच वापरावं लागत असेल तर वाराकडेही लक्ष द्या. आपला सोमवार पहाटे ५ म्हणजे यूटीसीचा रविवार रात्री साडेअकरा. वार सोमवार लिहिला तर सोमवारी पहाटे मशीन उठणारच नाही. ते उठेल मंगळवारी.

वाराचा आणखी एक गुंता आहे. लिनक्सच्या क्रॉनमध्ये सोमवार म्हणजे १. एडब्ल्यूएसच्या क्रॉनमध्ये रविवार १ आणि सोमवार २. म्हणजे लिनक्सच्या सवयीने तुम्ही १ ते ५ लिहिलंत, तर रविवार ते गुरुवार असा अर्थ निघतो. शुक्रवारी मशीन झोपलेलं आणि टीम जागी. आकडे लिहूच नका, वारांची तीन अक्षरी इंग्रजी नावं लिहा, ती दोन्हीकडे चालतात. शिवाय एडब्ल्यूएसच्या क्रॉनमध्ये पाच नाही, सहा खाने असतात, सहावा वर्षाचा. आणि महिन्याचा दिवस किंवा आठवड्याचा वार, यातल्या एका खान्यात प्रश्नचिन्ह द्यावंच लागतं.

शेड्यूलरचं रीट्राय सेटिंगही बघून घ्या. हाक पोचली नाही तर तो डीफॉल्टनुसार पुढचे २४ तास प्रयत्न करत राहतो. चालू करण्यासाठी ते ठीक. पण काल रात्रीची 'बंद करा' ही हाक आज सकाळी अकराला पोचली तर? बंद करण्याच्या शेड्यूलला ही मुदत तासाभराची ठेवा.

गूगल क्लाउडमध्ये कॉम्प्युट इंजिनला 'इन्स्टन्स शेड्यूल' आतच मिळतं, टाइमझोनसकट. फक्त ठरलेल्या वेळेनंतर पंधरा मिनिटांपर्यंत उशीर होऊ शकतो, तेव्हा नऊला हवं असेल तर पावणेनऊ किंवा त्याआधीचं लावा. ॲझ्युअरमध्ये मशीनच्या पानावरच 'ऑटो-शटडाउन' आहे, दोन मिनिटांचं काम. पण तिथे आपोआप चालू करायची सोय नाही, त्यासाठी वेगळी जोडणी करावी लागते. पुढे मी जे सांगणार आहे, ते ऐकल्यावर ही उणीव तुम्हाला फारशी खटकणार नाही.

बंद होणं सोपं, उठणं अवघड

मशीन बंद करताना फारसं काही बिघडत नाही. चालू करताना बिघडतं.

पहिलं कारण जागेचं. तुम्ही मशीन थांबवलं की ते हार्डवेअर दुसऱ्याला मिळू शकतं. सकाळी तुम्ही परत मागता तेव्हा त्या झोनमध्ये त्या प्रकारचं मशीन शिल्लक नसेल, तर 'पुरेशी क्षमता नाही' अशी एरर येते. नेहमीच्या छोट्या मशीनना हे क्वचित होतं. जीपीयूवाल्यांना मात्र हा अनुभव नवा नाही. मॉडेल ट्रेन करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवूनच मशीन सोडावं.

दुसरं कारण, मशीन उठतं पण ॲप उठत नाही. डेव्हलपरने सहा महिन्यांपूर्वी टर्मिनलमध्ये हाताने चालू केलेला प्रोग्रॅम मशीन बंद झालं तेव्हाच मेला. त्याला सिस्टमडी सर्व्हिस बनवून बूटसोबत चालू व्हायला सांगितलेलं नसेल, किंवा डॉकर कंटेनरला रीस्टार्ट पॉलिसी दिलेली नसेल, तर सकाळी मशीन हिरवं आणि वेबसाइट बंद. शेड्यूल लावण्याआधी दिवसाढवळ्या, टीम समोर असताना, एकदा स्टॉप आणि स्टार्ट करून बघा. जे हाताने चालू करावं लागलं, ते सगळं लिहून काढा. ती यादी संपेपर्यंत ऑटोमेशन नको.

तिसरं कारण क्रम. डेटाबेस आधी उठायला हवा, ॲप नंतर. सगळ्यांना ठीक नऊला उठवलं तर ॲप डेटाबेस शोधतं, सापडत नाही, आणि पडतं. ज्यांचं गावाकडे शेत आहे त्यांना ही गोष्ट लगेच कळेल. लाइट आली की ऑटोस्विच लावलेल्या सगळ्या मोटारी एकाच क्षणी उचलतात, आणि भार ट्रान्सफॉर्मरवर येतो. म्हणूनच महावितरण शेतकऱ्यांना ऑटोस्विच काढून कपॅसिटर बसवायला सांगत असतं. सर्व्हरचंही तसंच. डेटाबेस ८:३० ला, ॲप ८:४५ ला, असं पायरीपायरीने उठवा. शिवाय ॲपला डेटाबेस मिळाला नाही तर थोडं थांबून पुन्हा प्रयत्न करायची सवय लावा. ही सवय प्रॉडक्शनमध्येही उपयोगी पडते.

डेटाबेसबद्दल आणखी एक. आरडीएस थांबवता येतो, पण जास्तीत जास्त सात दिवस. सात दिवसांनी एडब्ल्यूएस तो स्वतःहून चालू करतं, म्हणजे देखभालीचे अपडेट चुकू नयेत. सुट्टीवर जाताना बंद करून गेलात आणि दोन आठवड्यांनी आलात, तर मधला एक आठवडा तो चालूच होता. त्यावर उपाय साधा आहे. बंद करण्याचं शेड्यूल रोज रात्री चालू द्या, शनिवार-रविवारीही. जो आधीच बंद आहे त्याला स्क्रिप्टने वगळायचं, आणि जो आपोआप उठलाय तो त्या रात्री परत झोपेल.

आणि ऑटो स्केलिंग ग्रुपमधलं मशीन कधीही थेट थांबवू नका. ग्रुपला वाटतं मशीन आजारी पडलं, तो त्याला टर्मिनेट करतो आणि नवीन उभं करतो. तुम्ही बंद करा, तो उभं करणार, असा खेळ सुरू होतो. तिथे ग्रुपलाच शेड्यूल द्यायचं: रात्री हवी असलेली संख्या शून्य, सकाळी परत दोन. किमान संख्याही शून्य करायला विसरू नका.

मग चालू कोण करणार?

आता माझं मत सांगतो. पटलं तर घ्या, नाही तर कमेंटमध्ये भांडा.

बंद करणं पूर्णपणे घड्याळावर सोडा. चालू करणं मात्र जिथे शक्य आहे तिथे माणसावर ठेवा.

कारण असं. बंद करायला माणूस विसरतो. काम संपलं, दमलाय, लॅपटॉप मिटला, निघाला. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. पण चालू करायला कुणी विसरत नाही, कारण चालू केल्याशिवाय काम सुरूच होत नाही. म्हणजे ऑटोमेशनची खरी गरज एकाच बाजूला आहे.

घड्याळाला सुट्ट्याही कळत नाहीत. गणेश चतुर्थीला, दसऱ्याला, दिवाळीच्या आठवड्यात सकाळचं शेड्यूल इमानदारीने सगळी मशीन उठवतं आणि ती रात्रीपर्यंत कुणाची तरी वाट बघत बसतात. सुट्ट्यांचं कॅलेंडर स्क्रिप्टला जोडता येतं, पण ते दर जानेवारीत कुणीतरी भरावं लागतं. आणि टीममधला एक चेन्नईत आणि एक कोलकात्यात असेल तर सुट्ट्या कुणाच्या धरायच्या? माणसाने उठवायचं ठरवलं की हा प्रश्नच उरत नाही. आलेला माणूस उठवेल, आणि कुणी आलं नाही तर मशीन झोपून राहील.

यासाठी प्रत्येक डेव्हलपरला त्याच्या टॅगच्या मशीनपुरती स्टार्टची परवानगी द्या. एडब्ल्यूएसचं मोबाइल ॲप आहे, त्यातून फोनवरच मशीन चालू करता येतं. बसमध्ये बसल्या बसल्या उठवलं तर ऑफिसात पोचेपर्यंत ते तयार असतं. काही टीम चॅटमध्ये एक छोटी कमांड बनवतात, तेही छान.

अपवाद कुठे? वीस जणांची टीम रोज सकाळी एकच टेस्टिंग सर्व्हर वापरते, क्लायंटचा डेमो ठरलेल्या वेळी आहे, किंवा परदेशातली टीम आपल्या आधी कामाला लागते. तिथे आपोआप चालू करा. पण ती यादी छोटी असते. बहुतेक मशीन एखाद-दोन माणसांची असतात आणि रोज लागतही नाहीत.

रात्री जागणाऱ्यांचं काय?

हे शेड्यूल टीममध्ये आणलं की पहिलं भांडण इथेच होतं. कुणीतरी रात्री मोठा डेटा लोड लावून गेलेलं असतं आणि आठ वाजता मशीन बंद. सकाळी तो माणूस चिडतो, आणि त्याचं चिडणं रास्तच असतं. मग तो टॅग काढून टाकतो. त्याचं बघून दुसरा काढतो. तीन महिन्यांत शेड्यूल आहे, पण त्यात मशीनच नाहीत. पैशाआधी संपतो तो टीमचा विश्वास, आणि तो गेला की कुठलीही स्क्रिप्ट टिकत नाही.

म्हणून पहिल्या दिवसापासून सूट मागायची सोपी वाट द्या. 'जागं-ठेव' नावाचा दुसरा टॅग, आणि त्याची किंमत म्हणजे तारीख. स्क्रिप्ट बंद करण्याआधी तो टॅग बघते. तारीख आजची किंवा पुढची असेल तर हात लावत नाही. तारीख उलटली की टॅग असूनही नसल्यासारखा. तारखेशिवाय सूट नाही. 'कायम जागं' हा पर्याय दिलात की महिन्याभरात सगळीच मशीन कायम जागी.

बंद करण्याआधी अर्धा तास टीमच्या चॅटवर एक संदेश पाठवा: आज ही चार मशीन साडेआठला बंद होतील, थांबवायचं असेल तर असं करा. आणि बंद झाल्यावर रोज एक ओळ: चार बंद झाली, एक सूट घेऊन जागं. बिघाड झाला तरच कळवणारी व्यवस्था नको, कारण स्क्रिप्टच मेली तर तीही गप्प असते आणि सगळं ठीक आहे असं वाटतं. रोजची ओळ एखाद्या दिवशी आली नाही, की कुणाच्या तरी लक्षात येतं.

श्रोत्यांचा एक प्रश्न

एका विद्यार्थ्याने विचारलंय: "माझं एकच छोटं मशीन आहे, प्रोजेक्टसाठी. मला हे लॅम्बडा, टॅग, रोल सगळं करावं लागेल का?"

अजिबात नाही. ईसीटू आणि लिनक्स असेल तर मशीनच्या आतच क्रॉनमध्ये एक ओळ लिही, रोज रात्री ११ ला शटडाउन. आधी मशीनच्या सेटिंगमध्ये बघून घे, की शटडाउन केल्यावरची वागणूक 'स्टॉप' आहे, 'टर्मिनेट' नाही. आणि मशीनमधलं घड्याळही बहुधा यूटीसीवर असतं, तेव्हा ११ म्हणजे साडेसतरा हे विसरू नकोस. किंवा क्लाउडवॉचचा अलार्म लाव: सीपीयूचा वापर तासभर अगदी नगण्य असेल तर मशीन थांबव. ॲझ्युअर असेल तर ऑटो-शटडाउनचं बटण दाब. सकाळी हवं तेव्हा हाताने चालू कर.

याशिवाय बजेट अलर्ट लावच. पाच डॉलर ओलांडले की ईमेल. शेड्यूल फक्त मशीन बंद करतं. विसरलेली डिस्क, विसरलेला लोड बॅलन्सर, नॅट गेटवे, हे सगळे रात्रंदिवस मीटर फिरवत असतात आणि त्यांना 'स्टॉप'चं बटणच नसतं. खिशातून पैसे जाणारा माणूस विद्यार्थी असेल, तर हा ईमेल मशीन बंद करण्याइतकाच महत्त्वाचा.

या आठवड्यात करून बघा

सोमवारी तुमच्या अकाउंटमधली सगळी मशीन बघा आणि प्रत्येकाचा मालक कोण ते टॅगमध्ये लिहा. ज्याचा मालक सापडत नाही, ते बहुतेक सगळ्यात महागडं निघतं. मंगळवारी एक मशीन निवडा, दिवसा स्टॉप-स्टार्ट करून बघा, काय उठलं नाही ते दुरुस्त करा. बुधवारी फक्त बंद करण्याचं शेड्यूल लावा, तेवढ्या एका मशीनला. गुरुवार-शुक्रवार नुसतं बघा. पुढच्या सोमवारी बाकीची जोडा. पहिल्या महिन्याचं बिल आलं की मागच्या महिन्याशेजारी ठेवून टीमला दाखवा, डिस्कच्या आकड्यासकट.

तुमच्याकडे हे कसं चालतं, आणि सूट मागायची वाट कशी ठेवली आहे, ते कमेंटमध्ये नक्की लिहा. चांगल्या युक्त्या पुढच्या भागात वाचून दाखवेन. तोवर, आत्ता तुमचं एखादं मशीन उगाच चालू असेल, तर हे पान बंद करायच्या आधी ते बंद करून या. भेटू लवकरच!